मुंबईत पहिली गाडी घेताना: बुकिंगपासून डिलिव्हरीपर्यंत

शोरूमला जायच्या आधी मोजपट्टी घेऊन बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरा. जागेची लांबी, रुंदी, दोन खांबांमधलं अंतर, आणि स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची लोखंडी यंत्रणा) असेल तर कप्प्याची उंची मोजून लिहून ठेवा. मुंबईत गाडी घेण्याची पहिली पायरी माझ्या मते हीच. कुठलं मॉडेल घ्यायचं, त्यासाठी किती थांबायचं, कर्ज किती काढायचं, हे सगळं पुढे त्या जागेवरच ठरतं. आमच्या भांडुपच्या सोसायटीत एका कुटुंबाने चार महिने वाट बघून मोठी एसयूव्ही आणली, आणि ती स्टॅकच्या कप्प्यात उंचीला बसेना. ती गाडी अजून रस्त्यावर उभी असते.

आकडे समोर असले की अंदाज येतो. स्विफ्ट ३,८६० मिलिमीटर लांब, १,७३५ रुंद आणि १,५२० उंच आहे. वॅगनआर रुंदीला कमी, १,६२०, पण उंचीला १,६७५. नेक्सॉन १,८०४ रुंद. स्कॉर्पिओ-एन ४,६६२ लांब आणि १,९१७ रुंद. रुंदीच्या आकड्यात बाजूचे आरसे बहुतेकदा धरलेले नसतात, शिवाय दार उघडून माणूस बाहेर यायला हवा. घरात आजी-आजोबा असतील तर ड्रायव्हरच्या बाजूला निदान दोन फूट मोकळे ठेवा. स्टॅकच्या लोखंडी पाटीवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, तीही वाचा. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा बरीच जड असते.

जागा कोणाची, हाही प्रश्न आताच सोडवा. पार्किंगची मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच स्पष्ट केलं आहे. वाटप सोसायटी करते, आणि जागांपेक्षा गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वर्षापुरत्या जागा देण्याची पद्धत आहे. सेक्रेटरींनी जिन्यात भेटल्यावर दिलेल्या शब्दावर गाडी बुक करू नका, पत्र घ्या. भाड्याने राहत असाल तर पार्किंगचा उल्लेख लीव्ह अँड लायसन्स करारात आहे का ते पाहा. इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर चार्जरची परवानगी आणि वीज कंपनीकडे मीटरचा अर्ज, दोन्ही बुकिंगच्याच आठवड्यात सुरू करा. यात सोसायटीची सभा मध्ये आली की दिवस कसे जातात, हे मुंबईकराला सांगायला नको.

गाडी ठरवताना

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत, यांना १८ टक्के. त्यापुढच्या गाड्यांना ४० टक्के. इलेक्ट्रिकला ५. म्हणजे जी गाडी आपल्या पार्किंगमध्ये सुखाने मावते, तिच्यावरच कर कमी आहे. पहिल्यांदा गाडी घेणाऱ्याने चार मीटरच्या आत राहावं, असं मी आग्रहाने सांगेन.

टेस्ट ड्राइव्ह आपल्या रोजच्या रस्त्यावर मागा. शोरूमचा माणूस मोकळ्या रस्त्यावर एक चक्कर मारून आणेल, तेवढ्यावर समाधान मानू नका. एलबीएस रोडवर संध्याकाळी सातला क्लच दाबून पाय किती दुखतो, फ्लायओव्हरच्या चढावर ट्रॅफिकमध्ये गाडी मागे सरकते का, हे बघा. मॅन्युअल की ऑटोमॅटिक, याचं उत्तर तिथेच मिळतं. आणि वेटिंगचा आकडाही या निवडीवरच अवलंबून असतो.

वेटिंग म्हणजे नेमकं काय

नवख्या माणसाला वाटतं की कंपनी गाडी बनवते आणि आपला नंबर आला की देते. प्रत्यक्षात रांग गाडीची नसते, व्हेरिएंटची, म्हणजे त्याच मॉडेलच्या इंजिन, गिअर आणि सुविधांप्रमाणे बदलणाऱ्या प्रकाराची असते. एकाच मॉडेलचं पेट्रोल मॅन्युअल पांढऱ्या रंगात आठवड्यात मिळू शकतं, आणि सनरूफवालं ऑटोमॅटिक एखाद्या खास रंगात सहा महिने येत नाही. इनोव्हा हायक्रॉसच्या बाबतीत २०२३ मध्ये कंपनीने सर्वात वरच्या व्हेरिएंटची बुकिंग काही काळ थांबवली होती, खालच्या व्हेरिएंटची चालू होती. २०२१-२२ मध्ये चिपचा तुटवडा होता, तेव्हा जास्त इलेक्ट्रॉनिक्स असलेले व्हेरिएंट सगळ्यात मागे पडले.

नवीन मॉडेल बाजारात येतं तेव्हाची रांग वेगळीच. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनची बुकिंग उघडली आणि अर्ध्या तासात एक लाखाचा आकडा पार झाला. ३ ऑक्टोबर २०२४ ला थार रॉक्सला पहिल्या तासात पावणेदोन लाखांहून जास्त बुकिंग आली. अशा वेळी तासाभराने बुक करणारा माणूससुद्धा लाखाच्या मागे उभा असतो. गाडीची घाई असेल तर लाँचच्या लाटेत उडी घेऊ नका. सहा-आठ महिन्यांत रांग ओसरते, आणि पहिल्या बॅचमधल्या बारीकसारीक चुका तोवर कंपनीच्या लक्षात आलेल्या असतात.

कारखाना जवळ आहे म्हणून गाडी लवकर मिळेल, हाही एक गोड गैरसमज. चाकण आणि नाशिक आपल्या उंबरठ्यावर आहेत, श्रीपेरुंबुदूर किंवा मानेसर लांब आहे, पण ट्रेलरच्या प्रवासात फरक पडतो तो थोड्या दिवसांचा. महिन्यांचा फरक पडतो तो डीलरला कंपनीकडून किती गाड्या मिळतात त्यामुळे.

म्हणून सेल्समनला "कधी मिळेल?" असं विचारू नका. त्यावर "सहा ते आठ आठवडे" हे ठरलेलं उत्तर येतं, मलाही आलं होतं. दोन प्रश्न विचारा. याच व्हेरिएंटच्या आणि याच रंगाच्या तुमच्याकडे माझ्या आधी किती बुकिंग आहेत? आणि मागच्या दोन महिन्यांत अशा किती गाड्या तुम्हाला आल्या? पुढे चोवीस जण असतील आणि महिन्याला सहा गाड्या येत असतील, तर तुमचे चार महिने धरून चाला. आकडे सांगायला टाळाटाळ झाली तर दुसऱ्या डीलरकडे जा. एकाच कंपनीचे मुंबईत, ठाण्यात, नवी मुंबईत वेगवेगळे डीलर असतात आणि प्रत्येकाची रांग वेगळी असते. ठाण्याच्या डीलरकडून घेतलेल्या गाडीचं पासिंग (आरटीओतली नोंदणी) मुंबईच्या पत्त्यावर होऊ शकतं.

रंगाबद्दल मन मोकळं ठेवलंत तर बराच वेळ वाचतो. दुसऱ्या पसंतीचा रंग बुकिंग फॉर्मवरच लिहून ठेवा. एखाद्याने बुकिंग रद्द केलं की डीलर आधी ज्याला सोयीचं आहे त्याला फोन करतो.

बुकिंगचे पैसे

बुकिंगची रक्कम साधारण अकरा, एकवीस, पंचवीस हजार अशी असते. ती डीलरशिपच्या बँक खात्यातच भरा, सेल्समनच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीही नाही, तो कितीही सज्जन असला तरी. पावतीवर मॉडेल, व्हेरिएंट, रंग, तारीख आणि अंदाजे डिलिव्हरीचा काळ लिहून घ्या. रद्द केल्यास पैसे किती दिवसांत आणि किती कापून परत मिळतील, ते फॉर्मच्या मागच्या बारीक अक्षरांत असतं. तिथेच उभं राहून वाचा.

त्याच बारीक अक्षरांत आणखी एक ओळ बहुतेकदा सापडते: किंमत डिलिव्हरीच्या दिवसाची लागू होईल. बऱ्याच कंपन्या जानेवारीत दर वाढवतात. ऑक्टोबरमध्ये बुक करून फेब्रुवारीत गाडी मिळणार असेल तर वाढीव रक्कम बजेटमध्ये धरून ठेवा.

ऑन-रोडचं, म्हणजे गाडी रस्त्यावर येईपर्यंतच्या एकूण खर्चाचं, कोटेशन ओळीओळीने लिहून मागा. एक्स-शोरूम किंमत, रोड टॅक्स, इन्शुरन्स, पासिंगचा खर्च, फास्टॅग, आणि दहा लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला आयकर). हा टीसीएस रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून बिलावर पॅन बरोबर हवा. रोड टॅक्स महाराष्ट्रात एकरकमी आहे. वैयक्तिक नावावर पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, २० लाखांपर्यंत १२, त्यावर १३, आणि डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. कंपनीच्या नावावर गाडी घेतली तर हा कर २० टक्क्यांवर जातो, त्यामुळे छोट्या व्यावसायिकांनी आधी सीएला विचारावं. कोटेशनमध्ये "हँडलिंग" किंवा "लॉजिस्टिक्स" नावाची ओळ दिसली तर ती काढायला सांगा. गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीत धरलेलाच असतो. टेफ्लॉन कोटिंग, सीट कव्हर, मॅट यांचं पॅकेज घेणं तुमच्या मर्जीवर आहे.

थांबण्याच्या महिन्यांत

या काळात लोक नुसते फोन करत बसतात. पण करण्यासारखं खूप असतं.

लायसन्स नसेल तर शिकाऊ लायसन्स लगेच काढा. ते मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते, आणि शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. ड्रायव्हिंग स्कूलचे तास संपले तरी थांबू नका. रविवारी सकाळी सहाला, रस्ते रिकामे असताना, कोणाची तरी जुनी गाडी घेऊन सराव करा. ज्याला पार्किंगमध्ये रिव्हर्स घेता येत नाही त्याच्या नव्या गाडीवर पहिला ओरखडा आपल्याच बिल्डिंगच्या खांबाचा पडतो.

कागद तपासा. पॅन, आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा. मुंबईत नोकरीला आलेल्या कितीतरी जणांचं आधार अजून कोल्हापूरचं, रत्नागिरीचं असतं. गाडी मुंबईच्या पत्त्यावर घ्यायची असेल तर नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार लागेल, घरमालकाने साध्या कागदावर दिलेलं पत्र चालेल या भरवशावर राहू नका. मुंबईत आरटीओप्रमाणे नंबर पडतो: ताडदेवचा एमएच-०१, अंधेरीचा ०२, वडाळ्याचा ०३ आणि बोरिवलीचा ४७. बदलीची नोकरी असेल आणि तुमच्या कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत किंवा केंद्रशासित प्रदेशांत असतील तर बीएच मालिकेचा, म्हणजे राज्य बदललं तरी तोच चालणारा, नंबर मिळू शकतो. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरायचा असतो.

इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही. चेसिस नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतंत्र नंबर) मिळाल्यावर बाहेरून कोटेशन घ्या आणि तुलना करा. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा) बंधनकारक आहे, स्वतःच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेता येतो. जुनी गाडी विकून नवी घेत असाल तर जुन्या पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस (भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) नव्या गाडीवर आणा. तो ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि कितीतरी जण तो तसाच सोडून देतात.

मुंबईकराने एक अ‍ॅड-ऑन (पॉलिसीला जोडायचं जादा संरक्षण) मात्र सोडू नये, इंजिन प्रोटेक्शन. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण दरवर्षी आठवतो. पण गाडीचं इंजिन बसायला तेवढा पाऊस लागत नाही. मिलन सबवेत किंवा कुर्ल्याला गुडघाभर पाण्यात गाडी बंद पडली आणि माणसाने घाबरून पुन्हा चावी फिरवली, की पाणी इंजिनात ओढलं जातं आणि आतले भाग वाकतात. साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुधा धरलं जात नाही. पाण्यात गाडी बंद पडली तर परत चालू करायची नाही, ढकलून बाहेर काढायची आणि टोइंगला फोन करायचा. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला हे आत्ताच सांगून ठेवा.

कर्ज, आणि पैसे कधी सोडायचे

कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि थांबायचं. मंजुरीचं पत्र काही ठरावीक काळ चालतं, तो काळ विचारून ठेवा. एकाच महिन्यात पाच बँकांना अर्ज करू नका, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये (तुमच्या कर्जांच्या इतिहासात) होते.

इथे माझा अनुभव सांगते. "गाडी दोन आठवड्यांत येतेय, लोन सोडा म्हणजे बिलिंग लवकर होईल," असं मला सांगण्यात आलं. मी सही केली, बँकेने पैसे डीलरला दिले, आणि गाडी आली अडीच महिन्यांनी. गाडी डोळ्यांनी पाहण्याआधी माझे दोन हप्ते गेले होते. पैसे एकदा पोचल्यावर माझ्या फोनला उत्तर देण्याची कोणाला घाईही उरली नव्हती. म्हणून नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते की पैशाने गाडीच्या एक पाऊल मागे चालावं. चेसिस नंबर तुमच्या नावावर अ‍ॅलॉट झाला आणि तुम्ही स्वतः गाडी तपासलीत, की मगच उरलेली रक्कम द्यायची. आणि रोख नको, २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला कायद्याने बंदी आहे.

पासिंगच्या आधी गाडी बघा

आरटीओत तुमच्या नावावर नोंद झाली की गाडी तुमची झाली. त्यानंतर बॉनेटवर पुन्हा रंग मारल्याची खूण दिसली तर डीलर पॉलिश करून देईल, गाडी बदलून देणार नाही. त्यामुळे तपासणी पासिंगच्या आधी, दिवसाउजेडी. मुंबईतल्या अनेक डीलरांची यार्ड जागेअभावी शहराबाहेर, भिवंडी-पनवेलच्या बाजूला असतात. "तिकडे कुठे येता, आम्ही इथेच आणून दाखवतो," असं सांगतात. खुशाल आणू द्या, पण पासिंगच्या आधी आणतील हे ईमेलवर लिहून घ्या. नाहीतर अर्धा दिवस रजा टाकून स्वतः जा.

आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी जुळवा. मग उत्पादनाचा महिना आणि वर्ष पाहा, ते फॉर्म २२ वर असतं. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतली तर विकताना ती एक वर्ष जुनी मोजली जाते, म्हणून त्या बदल्यात घसघशीत सूट मागा. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३४२५ म्हणजे २०२५ सालचा चौतिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनी विसरू नका. मग गाडीभोवती हळूहळू फिरा. दारांच्या फटी सारख्या आहेत का, एका भागाचा रंग शेजारच्या भागापेक्षा वेगळा दिसतो का, काचांवर ओरखडे आहेत का. किलोमीटरचा आकडा पन्नाससाठच्या वर असेल तर कारण विचारा.

पावसाळ्यात यार्डात उभी राहिलेली गाडी असेल तर मॅट उचलून खालचा गालिचा हाताने दाबा. ओल किंवा कुबट वास आला तर गाडी नाकारा. बॉनेट उघडून वायरी उंदराने कुरतडल्या नाहीत ना, तेही पाहा. मग प्रत्येक बटण, प्रत्येक काच, एसी, वायपर, सगळे दिवे. फोटो काढा. गाडी पसंत असेल तर तसं ईमेलने कळवा आणि त्यानंतरच पैसे.

मुहूर्त आणि डिलिव्हरी

गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळीचा पाडवा, या दिवशी गाडी घरी आणण्याचा आनंद मोठा असतो आणि तो जरूर घ्यावा. फक्त त्या दिवशी शोरूममध्ये प्रचंड गर्दी असते, तपासणीला कोणाला वेळ नसतो. तपासणी, पैसे, इन्शुरन्स आणि पासिंग आठ-दहा दिवस आधी उरकून घ्या, मुहूर्ताला फक्त चावी घ्या. पितृपक्षात बरेच जण गाडी नेत नाहीत, त्यामुळे शोरूम रिकामी असते. त्या दिवसांत बोलणी आणि कोटेशनची कामं निवांत होतात.

आवडता नंबर हवा असेल तर परिवहनच्या साइटवर आधी बघा. मुंबईत चारचाकीच्या ०००१ साठी शुल्कच ६ लाख आहे. पण साधा, बेरीज जुळणारा नंबर त्यामानाने खूप कमी पैशांत मिळू शकतो. नंबर राखून ठेवल्याचं डीलरला पासिंगच्या आधी सांगायला हवं.

डिलिव्हरी सकाळी घ्या. एचएसआरपी (उच्च सुरक्षा) नंबर प्लेट लावलेलीच हवी, त्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. बिल, टॅक्सची पावती, पॉलिसी, वॉरंटीचं पुस्तक, दोन्ही चाव्या, जॅक, पाना, सगळं मोजून घ्या. फास्टॅग तुमच्याच मोबाइल नंबरवर आहे ना ते पाहा. मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही, पण सी लिंकला आणि अटल सेतूला आहे. नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून निघताना शेजारी एखादा मुरलेला चालवणारा बसवा. इंधनाचा काटा बहुधा तळाला असतो, तेव्हा पहिला थांबा पंपावर. डिझेल की पेट्रोल, हे पंपावरच्या माणसाला स्वतः मोठ्याने सांगा.

आरसी स्पीड पोस्टाने पत्त्यावर येते. तोपर्यंत डिजिलॉकरमधली आरसी चालते. तिच्यावर नावाचं स्पेलिंग, पत्ता आणि कर्ज असेल तर बँकेचं नाव त्याच आठवड्यात तपासा. दिवसभर घराला कुलूप असेल तर पोस्टमन आणि वॉचमन दोघांनाही सांगून ठेवा, कारण पाकीट परत गेलं की ते आरटीओत जाऊन आणावं लागतं.